चौदा कामगारांच्या युनिटला डॉक्टर कसा मिळेल?

प्रश्न असा आहे: गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचे युनिट आहे. गेट, ग्रिल, पत्र्याच्या शेड आणि हॉटेलांच्या स्वयंपाकघरांसाठी स्टेनलेस स्टीलची टेबले तिथे बनतात. कामगार १४, त्यांतले बरेच झारखंड आणि उत्तर प्रदेशातले. एका लॅबने सगळ्यांच्या ‘फुल बॉडी चेकअप’चे पॅकेज देऊ केले आहे. तेवढे केले की पुरेल का? स्वतंत्र डॉक्टर ठेवणे मालकाला परवडत नाही.

आधी पॅकेजचे सांगतो. आहे त्या स्वरूपात ते घेऊ नका. साखर, कोलेस्टेरॉल, यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड अशी ती यादी असते. बँकेत बसून काम करणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला ती ठीक आहे. तुमचा ग्राइंडरवाला पंचविशीतला आहे. त्याचे थायरॉइड उत्तम असेल आणि कान निम्मे गेलेले असतील, आणि त्या यादीत कानाची तपासणीच नाही. फुंकर मारून फुप्फुसांची ताकद मोजणारी स्पायरोमेट्रीही नाही. नमुने घेणारा मुलगा रक्त घेऊन जातो, पण समोरचा माणूस दिवसभर काय करतो हे विचारत नाही. जाड फाइल, प्रत्येक पानावर ‘नॉर्मल’ आणि शेडमध्ये खोकणारी माणसे, हे मी गोव्यातल्या कितीतरी युनिटांत पाहिले आहे. रक्तदाब आणि साखर जरूर तपासा. ते स्वस्त आहे आणि तरुण मुलांतही कधीकधी तिथेच पहिल्यांदा काहीतरी सापडते. पण तो कामाशी संबंधित आरोग्याचा भाग झाला नाही.

कायद्याचे थोडक्यात. १९४८ च्या कारखाना कायद्यात वीज वापरणारे १० कामगारांचे युनिट कारखाना ठरत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने लागू केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत हा आकडा २० झाला. त्यामुळे ‘आपण आता सुटलो’ असे काही मालक म्हणू लागले आहेत. तसे नाही. संहितेत ‘आस्थापना’ १० कामगारांचीच आहे आणि धोकामुक्त जागा देण्याची मालकाची मूळ जबाबदारी आस्थापनेलाही लागू होते. चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी करण्याचे केंद्राने जाहीर केले आहे, तेही धरून चाला. ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, मर्यादा तर १० कामगारांचीच आहे. म्हणजे १४ जणांचे युनिट ‘कारखाना’ ठरले नाही तरी या दोन्हींच्या आत येते.

आता मुद्द्याचे. छोट्या युनिटमध्ये आरोग्यसेवा सुरू होते ती डॉक्टरने शेडमध्ये फेरी मारण्यापासून. तपासण्या त्यानंतर येतात. कोणाला काय तपासायचे हे शेड पाहिल्याशिवाय ठरवताच येत नाही. मी पहिल्यांदा जातो तेव्हा निदान दोन तास मागतो आणि मालकाला विनंती करतो की पहिला अर्धा तास माझ्यासोबत राहा, मग ऑफिसात बसा. पात्रांव, म्हणजे मालक, शेजारी उभा असला की प्रत्येक जण ‘सब ठीक है’ म्हणतो. तो गेला की कोणीतरी हळूच हात दाखवतो.

तुमच्यासारख्या युनिटमध्ये मला काय सापडेल याचा अंदाज न येताही करता येतो.

पहिली गोष्ट, जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचे वेल्डिंग. जस्ताचा मुलामा तसाच ठेवून आर्क मारली की पांढरा धूर येतो आणि संध्याकाळी माणसाला थंडी वाजून ताप भरतो, तोंडाला गोडसर धातूची चव येते. दुसऱ्या दिवशी तो बरा असतो. सुट्टीनंतर कामावर आलेल्या दिवशी हे जास्त होते, कारण मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते. गोव्यात अशा तापाला लोक मलेरिया समजतात, रक्त तपासतात, काही निघत नाही. कोणी काम विचारले तर एका वाक्यात निदान होते. उपाय साधा आहे: जोडाच्या दोन्ही बाजूंचा मुलामा आधी काढायचा आणि तो काढतानाही धूळ ओढून घ्यायची. शेडच्या छपराला लावलेला पंखा या धुराचे फार काही करत नाही, कारण धूर वर जाताना आधी वेल्डरच्या नाकासमोरून जातो. लवचीक पाइपचा छोटा फ्यूम एक्स्ट्रॅक्टर घ्या, त्याचे तोंड आर्कपासून वीतभर अंतरावर आणि वेल्डरच्या तोंडाच्या विरुद्ध बाजूला ठेवा. वेल्डरला टेबल थोडे उंच करून द्या, म्हणजे त्याचे डोके धुराच्या लोटात वाकणार नाही. मशीन येईपर्यंत टेबलाचा हा बदल आजच करता येतो.

स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियम आणि निकेल असते, म्हणून तो साध्या लोखंडाच्या धुरापेक्षा घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातले. वेल्डरने रोज दूध प्यावे किंवा गूळ खावा असे सगळीकडे सांगतात. दूध पिऊ द्या, चांगलेच आहे, पण ते धूर अडवत नाही. मालक दुधाचे पैसे देतो आणि धुराचे काम झाले असे समजतो, हे मात्र थांबले पाहिजे.

दुसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त काळजीची वाटते, आणि तुम्ही ती प्रश्नात लिहिलेली नाही. स्टेनलेसच्या जोडावरचा काळा डाग काढायला तुम्ही पिकलिंग पेस्ट वापरत असाल. तिच्यात सहसा नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. हायड्रोफ्लोरिक आम्ल इतर आम्लांसारखे लगेच भाजत नाही. हाताला लागले तर कधी तासन्‌तास काही जाणवत नाही, मग असह्य ठणका सुरू होतो, कारण ते कातडीखाली शिरून शरीरातल्या कॅल्शियमला धरते. मोठ्या प्रमाणात लागले तर हृदयाची लय बिघडते. ही पेस्ट पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवलेली, उघड्या हाताने ब्रशने लावलेली मी पाहिली आहे. मूळ डब्यावरचे लेबल वाचा आणि पुरवठादाराकडून सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्या, ते देणे त्याचे काम आहे. जाड निओप्रीनचे लांब हातमोजे आणि डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा द्या. जवळ धो धो वाहणारा नळ हवा. प्रथमोपचार पेटीत २.५ टक्क्यांचे कॅल्शियम ग्लुकोनेट जेल ठेवा. हातावर पेस्ट सांडली तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवायचे, जेल चोळत राहायचे आणि वेदना नसली तरी १०८ बोलवून इस्पितळात न्यायचे. रुग्णवाहिकेतल्या माणसाला आम्लाचे नाव सांगायचे, नुसते ‘अ‍ॅसिड’ म्हणायचे नाही. तुमच्या जवळचा दवाखानेवाला डॉक्टर हे आम्ल वर्षानुवर्षे पाहत नसेल, म्हणून त्याला आधीच जाऊन सांगून ठेवा.

तिसरी, आवाज. मीटर नसेल तर एक कसोटी वापरा: हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावे लागत असेल तर तो आवाज कान खराब करणारा आहे. भारतात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, पण कानाचे नुकसान ८५ पासूनच होऊ लागते. पत्र्याच्या शेडमध्ये अँगल ग्राइंडर आणि कटर चालू असताना आकडा याच्या खूप वर असतो. आवाजाने आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचे ऐकणे जाते. गप्पा ऐकू येतात, त्यामुळे माणसाला वर्षानुवर्षे काही कळत नाही, आणि कळते तेव्हा गेलेले परत येत नाही. तुमचा कॉम्प्रेसर शेडच्या आत असेल तर तो बाहेर काढून वर छप्पर आणि बाजूला भिंत द्या, खाली रबराचे पॅड घाला. या एका कामाने सगळ्या १४ जणांचा त्रास एकदम कमी होतो. कापूस कानात घालून काही होत नाही. इअरमफ द्या आणि ते घालून माणूस उन्हाळ्यात किती वेळ राहू शकतो हे स्वतः घालून बघा. मे महिन्यात गोव्याच्या दमट हवेत शेडमध्ये इअरमफ, मास्क आणि जाड जॅकेट एकदम घालून कोणी तासभर टिकत नाही. कामगार सुरक्षासाधने वापरत नाहीत ही मालकांची तक्रार मी नेहमी ऐकतो. त्यातला बराचसा भाग उष्णतेचा असतो, बेफिकिरीचा नसतो. कापाकापी सकाळी लवकर घ्या, पंखे आणि थंड पाणी जवळ ठेवा, विश्रांती द्या, मग साधने वापरली जातात.

तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. आयएस ९४७३ या भारतीय मानकाची खूण असलेला एफएफपी२ मास्क हवा, आणि दाढी असेल तर तो नीट बसत नाही. गंज काढायला सँडब्लास्टिंग करत असाल तर वाळू बंद करून स्टील ग्रिट वापरा. वाळूच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो, त्याला बरा करणारा उपचार नाही, आणि अशा फुप्फुसाला क्षयाचा धोका कितीतरी वाढतो. कॉम्प्रेसरच्या हवेने अंग झाडणे पूर्ण बंद करा. वेल्डिंगच्या भोवती पडदे लावा, नाहीतर शेजारी पत्रा मोजणाऱ्या माणसाला रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. अशा डोळ्यांवर बटाट्याचा काप ठेवू नका, आणि मेडिकलमधून बधिर करणारे थेंब आणून वारंवार घालू देऊ नका.

एवढे पाहिल्यावर तपासणीची यादी आपोआप ठरते. वेल्डर आणि ग्राइंडरवाल्यांची ऑडिओमेट्री, म्हणजे कानाची तपासणी, आणि स्पायरोमेट्री, सगळ्यांची दूरची व जवळची नजर, हातांची कातडी, रक्तदाब. छातीचा एक्स-रे सगळ्यांचा सरसकट नको; ज्याने वाळूवर, दगडावर किंवा खाणीत काम केले आहे त्याचा हवा, म्हणून आधीच्या नोकऱ्या विचारायच्या. ऑडिओमेट्री पाळी सुरू होण्यापूर्वी, निदान १४ तास आवाजापासून दूर राहिल्यावर करायची. दुपारी काम थांबवून केली तर कान तात्पुरते बधिर असतात आणि निकाल चुकीचा येतो. लॅबला हे दोन प्रश्न विचारा: ऑडिओमेट्री कुठल्या खोलीत करणार, आणि स्पायरोमेट्री करणाऱ्याचे प्रशिक्षण झाले आहे का. उत्तर पटले तर हे काम त्यांना द्यायला हरकत नाही. नवा माणूस लागला की पहिल्याच आठवड्यात तपासा, नाहीतर पुढे नुकसान तुमच्याकडे झाले की आधीच होते हे कोणालाच सांगता येणार नाही.

निकालाचे काय करायचे यावर सगळे अवलंबून आहे. सविस्तर अहवाल कामगाराचा. तुम्हाला डॉक्टरने एवढेच सांगायचे: कामाला योग्य, अमुक काम सोडून योग्य, किंवा तूर्त योग्य नाही. शिवाय नावे न घेता एकूण चित्र, उदाहरणार्थ ग्राइंडिंगच्या चौघांपैकी तिघांचे कान बिघडत आहेत. त्यावर मशीनचे काहीतरी करणे ही तुमची बाजू. ज्याचा अहवाल वाईट आला त्याला काढून टाकले, असे एकदा जरी घडले तरी पुढच्या वर्षी कोणी खोकला सांगणार नाही. मुख्य म्हणजे ज्याचे कान किंवा फुप्फुस तुमच्या शेडमध्ये गेले त्याला घालवणे हा अन्याय आहे. त्याला दुसरे काम द्या. मापे घेणे, जुळवणी, माल पोचवणे अशी कामे छोट्या युनिटमध्येही असतात.

आणि आजार कामामुळे झाला असेल तर तो लपवू नका. कारखाना कायद्यात यादीतले आजार मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवणे डॉक्टरवर बंधनकारक होते, आणि ते तत्त्व नव्या संहितेतही आहे. नोंद झाली की मालक अडकतो ही भीती मला समजते. पण ईएसआयमध्ये आवाजाने आलेला बहिरेपणा आणि सिलिकोसिस हे व्यावसायिक आजार म्हणून मान्य आहेत, आणि नोंद झाली तरच कामगाराला अपंगत्वाचा लाभ मिळतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारासाठी मालकाचे ३.२५ टक्के आणि त्याचे ०.७५ टक्के भरले जातात. कामावर झालेल्या इजेसाठी पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे, म्हणून नाव पहिल्याच दिवशी नोंदवा, ठेकेदाराच्या माणसाचेही. बोट गेल्यावर धावपळ करून नोंदणी करणारे मालक मी पाहिले आहेत. त्या कामगाराच्या घरच्यांना दिलेली उत्तरे ऐकवत नाहीत.

आता परवडण्याचा प्रश्न. एकट्याने तुम्हाला डॉक्टर परवडणार नाही, हे खरे आहे, आणि तसे करण्याची गरजही नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८५ च्या १६१ क्रमांकाच्या करारातच अशी सेवा अनेक उद्योगांनी मिळून चालवावी ही सोय मांडली आहे. भारताने तो करार मंजूर केलेला नाही, पण तुम्हाला त्यासाठी दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. गोव्यातल्या वसाहती यासाठी फार सोयीच्या आहेत. कुंडई, मडकई, बेतोडा, कोरली, थिवी, कुठेही शेजारची १२ युनिटे चालत जाण्याच्या अंतरावर असतात. समजा १२ युनिटांचे मिळून १५० कामगार आहेत. डॉक्टर आठवड्यातून एक सकाळ आला आणि दोन युनिटे फिरला तर दर सहा आठवड्यांनी प्रत्येक शेडमध्ये त्याची फेरी होते. वार्षिक तपासण्या आठवड्याला तीन येतात. म्हणजे एका सकाळीत दोन्ही कामे बसतात, आणि खर्च कामगारांच्या संख्येप्रमाणे वाटला की तुमच्या वाट्याला १५० पैकी १४ जणांचा येतो. एक ऑडिओमीटर आणि एक स्पायरोमीटर सगळ्यांत मिळून घ्यायचे. वसाहतीच्या संघटनेचे ऑफिस सकाळी आठच्या आधी शांत असते, ते वापरायचे.

डॉक्टर निवडताना एमबीबीएसनंतर एएफआयएच, म्हणजे औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम केलेला पाहा. असे डॉक्टर वेर्ण्याच्या मोठ्या कंपन्यांत आहेत आणि त्यांतले काही बाहेरही वेळ देतात. न मिळाल्यास फोंडा-म्हार्दोळ भागातला एखादा अनुभवी डॉक्टर घ्या, ज्याला शेडमध्ये यायची इच्छा आहे. अभ्यासक्रम त्याला पुढे करता येईल. करारात तीन गोष्टी नक्की लिहा: शेडमधल्या फेऱ्या किती, कामगाराची माहिती मालकाला दिली जाणार नाही, आणि फेरीनंतर सुचवलेले बदल लेखी मिळतील. फक्त सर्टिफिकेटवर सही करायला तयार असणारा डॉक्टर स्वस्त पडतो, पण त्याचा उपयोग शून्य आहे. प्रत्येक युनिटमधल्या निदान दोघांना प्रथमोपचाराचे प्रशिक्षण द्या, त्यातला एक रात्री वसाहतीत राहणारा असू द्या. पणजीत आल्तिनोवरच्या कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाकडे प्रशिक्षणाची चौकशी करा. मालक तिथे पाऊल टाकायला घाबरतात, पण सल्ला मागायला गेलेल्याला मी तिथून रिकामे परतताना पाहिलेले नाही.

परप्रांतीय कामगारांसाठी एक गोष्ट आवर्जून करा. गोव्यात मलेरियासाठी बांधकाम मजुराला हेल्थ कार्ड देण्याची पद्धत जुनी आहे. त्याच धर्तीवर तुमच्या कामगाराच्या हातात एक कार्ड द्या: कुठल्या वर्षी, कुठल्या धुळीत, कुठल्या मशीनवर काम केले, कानाचा आणि फुप्फुसाचा निकाल काय आला. त्याचा फोटो त्याच्या मोबाइलवर ठेवायला सांगा. हा माणूस चार वर्षांत पाच युनिटे बदलतो आणि मग गावाला जातो. तिथल्या डॉक्टरला क्षय दिसतो, ग्रॅनाइटची धूळ दिसत नाही. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेला पाच वर्षांच्या वास्तव्याची अट असल्याने यांतले बरेच जण तिच्या बाहेर राहतात, म्हणून ईएसआय हाच त्यांचा आधार. त्यांची झोपण्याची खोली शेडला लागून असेल तर तीही डॉक्टरला दाखवा. दिवसभर धूर घेतलेल्याला रात्रीही थिनरच्या वासात झोपावे लागत असेल तर मास्कचा काय उपयोग?

तुम्ही गट केलात तर १० पेक्षा कमी माणसांच्या युनिटांनाही आत घ्या, ही माझी आग्रहाची विनंती आहे. कायदा त्यांच्यापर्यंत क्वचित पोचतो आणि त्रास तिथे सर्वांत जास्त आहे. ग्रॅनाइट कापणाऱ्या दुकानात तीन माणसे पाण्याशिवाय कटर चालवतात. एक नळी जोडली की धूळ बसते. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, बेकरीत मैद्याच्या धुळीने दमा होतो, आणि रात्रपाळीच्या त्या पोराला सुट्टीत बरे वाटते हे कोणी विचारतच नाही. डिचोली-सत्तरीकडच्या काजूच्या कारखान्यांत बायका टरफल फोडतात तेव्हा त्यातले तेल हातावर उडते. त्याने कातडी काळी पडते, सोलते, चिरा जातात. हातमोजे दिले तर त्या काढून ठेवतात, कारण मजुरी सोललेल्या किलोवर आहे आणि मोज्याने हात मंद होतो. खोबरेल आणि राख लावून त्या दिवस काढतात. तिथे मी मालकाला मोज्याबरोबर मजुरीचाही विचार करायला सांगतो: पातळ, बोटांना बसणारे मोजे वारंवार बदलून द्या, आणि सवय होईपर्यंतच्या आठवड्यांत कमी भरलेल्या किलोंचे पैसे कापू नका. जिथे हे केले गेले तिथे मोजे हातात राहिले.

गटाची पहिली बैठक घ्याल तेव्हा प्रत्येक मालकाने स्वतःच्या युनिटमधले जुने दोन कामगार बरोबर आणावेत आणि शेडमध्ये वापरली जाणारी प्रत्येक बाटली, डबा आणि पिशवी यांच्या लेबलांचे फोटो आणावेत. डॉक्टरला पहिल्या दिवशी तेवढे पुरते. पुढची यादी तो फेरी मारून करील.